भावाला आतड्याचा कर्करोग झाला, मी हळदीच्या कॅप्सूल सुरू करू का?

ताई, इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुमच्या थोरल्या भावाला ४७ व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला. ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे. नातेवाइकांनी त्यांच्यासाठी हळदीच्या सत्त्वाच्या कॅप्सूल, गव्हांकुराचा रस आणि ग्रीन टीच्या गोळ्या आणून ठेवल्यात. तुम्ही ३९ वर्षांच्या, आणि "तूही आत्तापासून घे" असा आग्रह तुम्हालाही होतोय. वनस्पतींमधली ही द्रव्यं पोटाचा आणि आतड्याचा कर्करोग खरंच टाळतात का, टाळत असतील तर कोणती आणि किती घ्यायची, हे तुम्हाला हवंय.

गेली बावीस वर्षं मी कर्करुग्णांच्या आहाराचं काम करते आहे. हा प्रश्न आठवड्यातून दोन-तीनदा तरी समोर येतो आणि बहुतेक वेळा तो घाबरलेल्या घरातूनच येतो. म्हणून आधी तातडीचं सांगते, बाकीचं सावकाश.

भावाचा केमो संपेपर्यंत या कॅप्सूल आणि गोळ्या बंद ठेवा. जे काही आधीच पोटात गेलं असेल ते, बाटलीसकट, त्यांच्या डॉक्टरांना दाखवा. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. केमोच्या तिसऱ्या फेरीआधी त्यांच्या यकृताच्या तपासण्या एकदम बिघडल्या, फेरी पुढे ढकलावी लागली. औषधाचा डोस तपासला, कावीळ तपासली, काही सापडेना. शेवटी सुनेने पिशवीतून डबी काढली. हळदीचं सत्त्व आणि मिऱ्याचा अर्क असलेल्या कॅप्सूल, दिवसाला चार. "हळदच आहे ना, म्हणून सांगितलं नाही." त्या बंद केल्यावर पाच-सहा आठवड्यांत यकृत पूर्वपदावर आलं, पण उपचाराचे तेवढे दिवस गेले. घरच्यांनी हे प्रेमापोटीच केलं होतं, आणि म्हणूनच मला ते अजून लागतं.

मिरं तिथे का असतं, ते समजून घ्या, कारण सगळ्या गोष्टीची किल्ली तिथेच आहे. हळदीत कर्क्युमिन हे पिवळं द्रव्य साधारण तीन टक्के असतं. आमटी-भाजीतून आपण दिवसाला दोन-तीन ग्रॅम हळद खातो, म्हणजे कर्क्युमिन शंभर मिलिग्रॅमच्या आतच. तेही फारसं रक्तात उतरत नाही. आतड्याचं अस्तर आणि यकृत त्याला लगेच बदलून बाहेर काढून टाकतात. १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी दाखवलं की दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपेरीन, म्हणजे मिऱ्यातलं तिखट द्रव्य, दिलं तर रक्तात उतरणारं कर्क्युमिन सुमारे वीस पट वाढतं. तेव्हापासून कॅप्सूलवाले मिरं घालू लागले. पण पिपेरीन हे साधतं कसं? बाहेरचं द्रव्य निकामी करून काढून टाकणारी शरीराची यंत्रणा ते मंदावतं. इतर औषधांचा निचराही त्याच यंत्रणेकडे असतो. भावाच्या शरीरात आत्ता केमोचं औषध मोजून-मापून सोडलेलं आहे, आणि त्याचा निचरा ठरल्या वेगाने व्हायला हवा.

ग्रीन टीच्या गोळ्यांचंही तसंच. कपभर चहा वेगळा आणि त्याचा अर्क वेगळा. ग्रीन टीतलं मुख्य द्रव्य दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त गोळीतून घेतलं तर यकृताला इजा झाल्याची लक्षणं दिसू लागतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २०१८ मध्ये नोंदवलं आहे. गव्हांकुराचा कच्चा रस केमोत नको, कारण पांढऱ्या पेशी खाली आलेल्या असताना कच्च्या, नीट न धुता येणाऱ्या हिरव्या पात्यातून जंतू पोटात जायला वेळ लागत नाही. आणि कॅपेसिटाबिन या केमोच्या औषधाच्या गोळ्या चालू असतील तर फोलिक ॲसिड असलेली कुठलीही शक्तीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. त्याने केमोचा त्रास वाढतो. शिजवलेली पालेभाजी मात्र खुशाल द्या.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. या द्रव्यांचा एवढा बोलबाला झाला तो प्रयोगशाळेतून. काचेच्या बशीत कर्करोगाच्या पेशी वाढवायच्या, त्यावर कर्क्युमिन ओतायचं, पेशी मरतात. ही गोष्ट खरी आहे. पण बशीत ओतलेलं प्रमाण आणि जेवणातून रक्तात पोचणारं प्रमाण यांत शेकडो पटींचा फरक असतो. आतड्याच्या बाबतीत एक आशा होती, की द्रव्य रक्तात उतरलं नाही तरी हरकत नाही, आतड्याच्या अस्तराला ते थेट भिडतंच. ही आशा अगदी रास्त होती, म्हणून तपासलीही गेली. काही घराण्यांत आतड्यात शेकडो पॉलिप, म्हणजे मांसल गाठी, होण्याचा आनुवंशिक आजार असतो. २००६ मध्ये अशा पाच रुग्णांना कर्क्युमिन आणि कांद्यातलं क्वेर्सेटिन सहा महिने दिलं, तेव्हा पॉलिप साठ टक्क्यांनी कमी झाले. जगभर बातम्या झाल्या. पण रुग्ण पाचच, आणि तुलनेला दुसरा गट नाही. त्याच प्रमुख संशोधिकेने पुढे नीट चाचणी केली: ४४ रुग्ण, निम्म्यांना रोज तीन ग्रॅम कर्क्युमिन, निम्म्यांना दिसायला तशीच पण रिकामी गोळी, वर्षभर. २०१८ मध्ये निकाल आला. दोन्ही गटांत फरक नव्हता. स्वतःच्याच गाजलेल्या निष्कर्षाची अशी परीक्षा घेऊन निकाल जसाच्या तसा छापणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो. तुम्हाला विकल्या जाणाऱ्या डबीवर मात्र अजूनही २००६ च असतं.

एक जुनी गोष्ट यापेक्षाही महत्त्वाची आहे. गाजर, पपई, पालेभाज्या भरपूर खाणाऱ्यांत काही कर्करोग कमी दिसत होते, तेव्हा श्रेय त्यांच्यातल्या बीटा कॅरोटीन या नारिंगी रंगद्रव्याला दिलं गेलं. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांची चाचणी झाली. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन. १९९४ मध्ये आकडे उघडले तर गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतली तशीच दुसरी चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. तिथे वाढ २८ टक्के होती. गाजराने कुणाला अपाय केला नव्हता. गाजरातून एक द्रव्य वेगळं काढून, कित्येक पट करून, सिगारेट ओढणाऱ्या फुप्फुसात पाठवल्यावर ते उलटलं.

पण उलट उदाहरणही आहे, आणि ते लपवणं प्रामाणिकपणाचं नाही. चीनमधल्या हेनान प्रांतातल्या लिनशियान भागात अन्ननलिकेचा आणि जठराचा कर्करोग फार. तिथे जवळपास तीस हजार लोकांच्या चाचणीत निम्म्यांना पाच वर्षं बीटा कॅरोटीन, ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम एकत्र दिलं, आणि त्यांच्यात जठराच्या कर्करोगाने होणारे मृत्यू २१ टक्क्यांनी घटले. हेच बीटा कॅरोटीन, मग तिथे कसं चाललं? कारण त्या लोकांच्या ताटात ही पोषकद्रव्यं मुळातच तोकडी होती. खड्डा होता, तो भरला गेला. तुमच्या-माझ्यासारख्या दोन वेळा भाजी-आमटी खाणाऱ्या माणसाच्या पोटात तो खड्डा नाही. म्हणून माझं मत असं बनलं आहे की ताटातून येतं तोवर ते अन्न आहे; वेगळं काढून गोळीत भरलं की ते औषध झालं, आणि मग औषधासारखंच त्याला विचारायचं: कुणाला, किती, कशाबरोबर, पुरावा काय?

ताटातलं काय उपयोगी पडतं, याबद्दल मात्र मी भरभरून बोलू शकते.

लसणापासून सुरू करू. अख्ख्या पाकळीत ॲलिसिन, म्हणजे लसणातलं उग्र वासाचं द्रव्य, नसतंच. पाकळी ठेचली की दोन वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेले पदार्थ एकत्र येतात, त्यातलं एक विकर (एन्झाइम) दुसऱ्यावर काम करतं, आणि तो उग्र वास तयार होतो. ठेचल्या ठेचल्या कढईत टाकला तर विकर जळून जातं. उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलं की ठेचून दहा मिनिटं ठेवून मग तापवला तर लसणाचा संरक्षक गुण बराचसा टिकतो. तेव्हा लसूण आधी ठेचा, मग कांदा चिरायला घ्या, एवढंच करायचं. माणसांवरचा पुरावा विचाराल तर चीनच्याच शांदोंग प्रांतातली लिनच्यू इथली चाचणी आठवते: ३,३६५ लोक, १९९५ पासून. काहींना जठरातल्या हेलिकोबॅक्टर जंतूवर दोन आठवडे औषध, काहींना सात वर्षं जीवनसत्त्वं, काहींना सात वर्षं लसणाचा अर्क आणि तेल. बावीस वर्षांनी पाहिलं तर जंतूवरच्या त्या दोन आठवड्यांच्या औषधाने जठराचा कर्करोग होण्याचं प्रमाण जवळपास निम्मं केलं होतं. लसणाने कर्करोग होण्याचं प्रमाण ठामपणे घटलं नाही, त्याने होणारे मृत्यू मात्र काहीसे कमी दिसले. म्हणजे लसूण चांगलाच. पण सतत जळजळ, आम्लपित्त, घरात कुणाला जठराचा कर्करोग असेल तर आधी त्या जंतूची तपासणी करून घ्यायची.

मोहरीवर माझा विशेष जीव आहे. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा, मोहरी ही एकाच कुळातली. यांच्यात गंधकयुक्त द्रव्यं असतात आणि चिरल्या-वाटल्यावर, लसणासारखंच, एक विकर त्यांच्यापासून तिखट, नाकात जाणारी द्रव्यं बनवतं. शरीरातल्या विषारी पदार्थांचा निचरा करणारी यकृताची आणि आतड्याची यंत्रणा ही द्रव्यं जागी करतात. फोडणीत तडतडलेल्या मोहरीतलं विकर उष्णतेने मेलेलं असतं; तिला चव आहे, पण ही करामत नाही. आपल्या आज्या मोहरी फेसायच्या! कच्ची मोहरी पाणी घालून वाटत, घोटत राहायची, नाकात झिणझिण्या येईपर्यंत. मग ती काकडीच्या कोशिंबिरीत किंवा लोणच्यात जायची. त्या झिणझिण्या म्हणजेच ते द्रव्य तयार झाल्याची खूण. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठात नेमकं हेच दिसलं, की शिजलेल्या ब्रोकोलीवर थोडी मोहरीची पूड टाकली तर शिजताना गेलेलं काम मोहरीचं विकर भरून काढतं. ब्रोकोलीच हवी असं मुळीच नाही. कोबी चिरून थोडा वेळ ठेवा, गाळ होईस्तोवर शिजवू नका, वर चमचाभर फेसलेली मोहरी घाला. मुळ्याचा पाला टाकू नका.

आता मोठ्या आतड्याचं. इथे सगळ्यात भक्कम बाजू ज्याची आहे, त्याची जाहिरात कुणी करत नाही: चोथा. तंतुमय पदार्थ आपल्याला पचत नाहीत, ते थेट मोठ्या आतड्यात पोचतात, आणि तिथले जिवाणू त्यांच्यावर जगतात. त्या बदल्यात ते ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात. आतड्याच्या अस्तराच्या निरोगी पेशींचं हे मुख्य इंधन. कर्करोगाकडे झुकलेली पेशी मात्र साखरेवर जगायला लागलेली असते; तिला ब्युटिरेट जाळता येत नाही, ते तिच्यात साचतं आणि तिची वाढ रोखतं. एकच पदार्थ चांगल्या पेशीला जेवण आणि बिघडलेल्या पेशीला लगाम! शिवाय मळ लवकर पुढे सरकतो, पित्तातले त्रासदायक घटक अस्तराला चिकटून राहत नाहीत.

हे किती लवकर घडतं, ते २०१५ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात दिसलं. वीस आफ्रिकी-अमेरिकी आणि वीस ग्रामीण दक्षिण आफ्रिकी माणसांनी दोन आठवडे एकमेकांचं जेवण खाल्लं. अमेरिकनांचा चोथा १४ ग्रॅमवरून ५५ वर गेला, आफ्रिकनांचा ६६ वरून १२ वर आला. चौदा दिवसांत अमेरिकनांच्या आतड्यात ब्युटिरेट वाढलं, अस्तराचा दाह उतरला. आफ्रिकनांत बरोबर उलटं झालं. कर्करोग चौदा दिवसांत होत नाही की टळत नाही, पण आतड्याची माती कशी बदलते ते यातून कळतं. युरोपातल्या दहा देशांत पाच लाखांहून जास्त लोकांच्या पाहणीत, सर्वांत जास्त चोथा खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याचा कर्करोग साधारण एक चतुर्थांशाने कमी आढळला. पुराव्याची मर्यादाही सांगते: २००० साली छापल्या गेलेल्या दोन अमेरिकी चाचण्यांत, एकदा पॉलिप काढलेल्या लोकांना तीन-चार वर्षं जास्त चोथा दिला, तरी पॉलिप पुन्हा होणं थांबलं नाही. म्हणून पन्नाशीत घाईने कोंडा खायला लागून मागचं पुसलं जाईल, असं मी कुणाला सांगत नाही. हे आयुष्यभराचं जेवण आहे.

जागतिक कर्करोग संशोधन निधीच्या हिशोबाप्रमाणे रोज ९० ग्रॅम अख्खं धान्य म्हणजे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १७ टक्के कमी. ९० ग्रॅम ज्वारीचं पीठ म्हणजे दीड-दोन भाकरी. ज्वारी, बाजरी, नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये दहा-अकरा ग्रॅम चोथा असतो, मैद्यात तीनच्याही आत, पॉलिश केलेल्या तांदळात तेवढाच. अख्ख्या हरभऱ्यात पंचवीसच्या आसपास. दिवसाला तीस ग्रॅमचं लक्ष्य ठेवा: सकाळ-संध्याकाळ भाकरी, एका वेळी मटकी-मूग-हरभऱ्याची उसळ, एक पालेभाजी, एखादी शेंगभाजी, एक पेरू. पेरू-आवळ्यातलं क जीवनसत्त्व जठरात नायट्रोसामाइन नावाची घातक द्रव्यं तयार होऊ देत नाही, तेव्हा जेवणाबरोबर खाल्लेला आवळा वाया जात नाही. चोथा एकदम वाढवू नका, पोट फुगेल. तीन-चार आठवड्यांत हळूहळू चढवा आणि पाणी वाढवा. भावाला मात्र हे सगळं आत्ता लागू करू नका. नुकतं आतडं जोडलेलं असताना किंवा केमोने जुलाब होत असताना त्यांना मऊ, कमी चोथ्याचं जेवणच हवं. त्यांचे सर्जन सांगतील तेव्हा भाकरी सुरू करा.

बाजू उलटूनही बघायला हवी, कारण "वनस्पतीचं आहे, अपाय काय होणार" हे वाक्य मी ज्या घरांत ऐकते, त्याच घरांत कुणाच्या तरी खिशात सुपारी असते. सुपारीतलं अरेकोलीन हेही वनस्पतीतलंच द्रव्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये नुसत्या सुपारीलाच, तंबाखू नसली तरीही, माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. तोंड उघडेनासं होणं ही तिची पहिली पावती. तंबाखूही पानच आहे, आणि दातांना लावायची मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. ती रोज घासणाऱ्या बायका मला "मी काही खात नाही" असं अगदी मनापासून सांगतात. मशेरी चालू ठेवून वर हळद-दूध घेण्याला काही अर्थ नाही. दारूचंही तेच, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं, तिन्हींवर ती काम करते.

आणि शेंगदाणे. आपण ते रोज खातो, कुटात, चटणीत, खिचडीत. दमट जागी ठेवलेल्या दाण्यांवर जी बुरशी येते ती अफ्लाटॉक्सिन तयार करते, आणि यकृताचा कर्करोग करणाऱ्या सर्वांत जहाल पदार्थांत ते मोडतं. हिपॅटायटिस बी असलेल्या माणसाला तर फारच. भाजून ते पूर्ण जात नाही. सुरकुतलेले, काळपट, कडू लागलेले दाणे निवडून फेकून द्या. "कुटात कळत नाही" म्हणून वापरू नका.

शेवटी तुमच्याबद्दल. तुम्ही अन्नाबद्दल विचारलंत, पण तुमचा प्रश्न वाचताना माझं लक्ष भावाच्या ४७ या वयाकडे जात राहिलं. इतक्या लवकर आतड्याचा कर्करोग झाला की लिंच सिंड्रोम हा आनुवंशिक दोष नाही ना, हे पाहावंच लागतं. भावाच्या काढलेल्या गाठीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट काढा आणि त्यात एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२ ही चार प्रथिनांची नावं शोधा. ती नसतील तर पुढच्या फेरीला ऑन्कॉलॉजिस्टना विचारा की ही तपासणी राहिली आहे का. जपून ठेवलेल्या गाठीच्या तुकड्यावर ती आताही करता येते. दोष निघाला तर सख्ख्या भावंडांत तो असण्याची शक्यता निम्मी असते, आणि बायकांमध्ये त्याने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोगही होतो, म्हणून मावशी, आत्या, आजी यांच्यापैकी कुणाला काय झालं होतं ते आईला विचारून लिहून ठेवा. लिंच असलेल्या लोकांवरच पचायला जड पिष्टाची एक मोठी चाचणी झाली आहे. रोज ३० ग्रॅम, कच्च्या केळ्यात असतं तसलं. २०२२ च्या निकालात मोठ्या आतड्याचा कर्करोग त्याने कमी झाला नव्हता, पण मोठ्या आतड्याबाहेरचे लिंचशी निगडित कर्करोग मिळून जवळपास निम्मे झाले होते, आणि ही घट जठर, स्वादुपिंड, पित्तमार्ग अशा वरच्या भागांत सर्वांत ठळक होती. त्याच चाचणीत ॲस्पिरिनने मोठ्या आतड्याचा धोका घटवला. पण ते आनुवंशिक निदान पक्कं झाल्यावर, डॉक्टरांनी ठरवलं तरच.

दोष निघो वा न निघो, तुमची कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून मोठ्या आतड्याची तपासणी, राहिली आहे. सख्ख्या भावंडाला किंवा आईवडिलांना साठीच्या आत हा रोग झाला असेल तर चाळिशीत, किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे लवकर येईल तेव्हा पहिली तपासणी करायची असते. तुमच्या बाबतीत ते वय ३७ होतं. या महिन्यात वेळ घ्या. पॉलिप सापडला तर त्याच बैठकीत काढतात. सगळं स्वच्छ निघालं तरी पाच वर्षांनी पुन्हा. तपासणीआधी दोन-तीन दिवस भाकरी, उसळ, पालेभाजी, बियांची फळं बंद करायला सांगतील. मऊ भात आणि पेजेवर राहा, आणि जुलाबाचं औषध दिलंय तेवढं सगळं प्या. आतडं नीट धुतलं गेलं नसेल तर छोटा, चपटा पॉलिप डॉक्टरांना दिसत नाही.